तोंडावर बोट

वाशीमकडच्या मालेगावच्या चंपालाल शेठजींनी एक दिवस मौन धरायचं ठरवलं, हे सर्वांत आधी त्यांच्या बायकोला कळलं आणि तिच्याशिवाय कोणालाच कळलं नाही. सगळा घोटाळा झाला तो यामुळेच.

"उद्या सूर्य बुडेपर्यंत बोलाचं नाही. लिहाचंही नाही," आदल्या दिवशी जेवता जेवता ते म्हणाले.

"मंग जैन स्थानकात जाऊन बसा," हीराबाई म्हणाल्या. "एक दिवस दुकान देवमन पाहीन."

"देवमनच्या भरोशावर दुकान?" शेठजींचा घास हातातच राहिला.

"मंग निदान नोकरायले सांगून तरी ठेवा, उद्या मौन आहे म्हणून."

"सांगाचं काय त्यात? इतकी वर्षं झाली, समजून घेतीन."

शेठजींच्या कापडदुकानाचा सगळा कारभार असा समजून घेण्यावरच चालत होता. शेठजी म्हणत, "त्याचं ते करून टाका." नोकर माना हलवत आणि काहीतरी करून टाकत. ते चुकलं की शेठजी म्हणत, "येवढंही समजत नाही काय?" त्यामुळे दुकानात कोणी काही विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी गादीवर बसले. जुना सेल्समन देवमन आला, बिलं करणारी रंजीता आली, गठ्ठे उचलणारा दांडगा भागवत आला. तिघांनीही "जय जिनेंद्र, शेटजी" म्हटलं. आपलं मौन आहे हे सांगायला शेठजींनी ओठांवर बोट ठेवलं.

तिघंही एकदम गप्प झाले. मालकानं तोंडावर बोट ठेवलं म्हणजे आपलं तोंड बंद करायचं, एवढं त्यांना कोणी न सांगता कळत होतं. पंख्याखाली कपाटाआड जाऊन देवमन अगदी कानात बोलल्यासारखं म्हणाला, "काही तरी बिघडलं हाय. लय रागात दिसते."

"कोणावर?" रंजीतानं तितक्याच हळू विचारलं.

"मले काय मालूम? तू जाऊन इचार."

"मी कायले इचारू?"

अकरा वाजायच्या सुमारास दुकानासमोर दोन जीपा थांबल्या. रिठदचे जगदेव लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळं गोत घेऊन आले होते. लग्नघरचं सगळं कापड एकाच दुकानातून घेणारं हे गिऱ्हाईक. शेठजी दिवाळीपासून त्याची वाट पाहत होते. त्यांचे डोळे चमकले. पण "या या" म्हणायला कोणाचंच तोंड उघडेना.

"पाच वारी पातळं दाखवा गा," जगदेव म्हणाले.

देवमननं न बोलता गठ्ठा सोडला.

"हे केवढ्याचं?"

देवमननं बोटं दाखवली. जगदेवांनी आजूबाजूला पाहिलं. रंजीता मान खाली घालून बसलेली. भागवत भिंतीला टेकून उभा. गादीवर शेठजी कावरेबावरे.

"काय झालं गा? घरात कोणी गेलं काय?"

देवमनलाही आता तीच शंका आली. त्यानं शेठजींकडे पाहिलं. 'मूर्खांनो, गिऱ्हाइकाशी बोला!' असं सांगायला शेठजींनी हात तोंडाजवळ नेऊन उघडमीट केला. भागवतला वाटलं, शेठजींना भूक लागली. तो धावत जाऊन कचोऱ्या घेऊन आला आणि त्यानं त्या शेठजींच्या पुढ्यात ठेवल्या. शेठजींनी त्या ढकलून दिल्या.

"अन्नही गोड नाही लागून राह्यलं बिचाऱ्याले," जगदेवांची बायको सोजरबाई म्हणाली आणि तिनं पदर पुढं ओढला. मागच्या बायकांनीही ओढला. एकदोघींनी तर नाकं ओढायला सुरुवात केली.

शेठजी पार गडबडले. निदान पाहुण्यांनी समजून घ्यावं म्हणून त्यांनी जगदेवांपुढे कळवळून हात जोडले. जगदेवांनी लगेच डोक्यावरची टोपी काढली.

"समजलं शेटजी, समजलं. पण सुतकात दुकान कायले उघडलं? आमच्या लेकीचं लग्न हाय. सुतकाच्या घरून बस्ता नेणं बरं दिसत नाही. चाला गा, रिसोडले जाऊ."

सगळं गोत उठलं. शेठजीही ताडकन उठले. दोन्ही हात जोरजोरात हलवत ते दाराशी आडवे झाले. बोलायचं तर नव्हतं, पण शब्द तर घशापर्यंत येऊन ठेपले होते, त्यांचा चेहरा लाल झाला, तोंड उघडलं, मिटलं आणि आतून नुसतं "उं! उंऽ!" असं काहीतरी निघालं.

"लकवा!" भागवत ओरडला. शेठजींनी बोट ठेवल्यापासून नोकरांपैकी कोणी मोठ्यानं बोललेला हा पहिला शब्द. "शेटजीले लकवा मारला! वाचा गेली त्यायची!"

मग मात्र कोणी शेठजींना विचारत बसलं नाही. जगदेवांनी बगलेखाली हात घातले, भागवतनं पाय धरले आणि शेठजी हात झाडत असतानाच जीपमध्ये पोचले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नाव सांगा."

शेठजी गप्प.

"जीभ काढा." काढली. "हात वर करा." केले. "आता जरा हसून दाखवा."

शेठजींना हसायची फारशी सवय नव्हती. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण ओठ एकाच बाजूनं वर गेला. डॉक्टर गंभीर झाले. "यांना ताबडतोब वाशीमला न्या," ते म्हणाले.

तेवढ्यात हीराबाई धापा टाकत आल्या. रंजीतानं त्यांना रडत रडत फोन केला होता.

"डॉक्टरसाहेब, काही नाही झालं हो! आज मौन आहे त्यांचं!"

"म्हणजे कोणी मेलं नाही?" जगदेवांनी विचारलं.

"कायले मरीन कोणी?"

जगदेवांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि इतक्या जोरात हसले की बाहेरचे पेशंट आत डोकावू लागले.

शेठजी दुकानात परतले तेव्हा त्यांना वाटलं, बाकीचं गोत कधीच रिसोडला निघून गेलं असेल. पण आत नुसता कलकलाट होता. हीराबाईंनी फोनवर सांगितलेलं मौनाचं रंजीतानं सगळ्यांना सांगितलं होतं. पुरुषमाणसं दवाखान्यात, शेठजी दवाखान्यात. बायकांनी निवांत बसून पातळं अंगाला लावून पाहिली. देवमन मोकळेपणानं सांगत होता, रंजीता हिशोब लावत होती. बस्ता बांधून तयार होता.

सूर्य बुडाला. तिघंही नोकर रांगेत उभे राहिले.

"एकानंही मले काहून नाही इचारलं?" शेठजी पहिलं वाक्य बोलले.

"इचारलं असतं तं तुमी बोलले असते काय?" भागवत म्हणाला.

"आन तुमी बोलता त्या दिवशी तरी कुठं इचारता येते?" रंजीताच्या तोंडून निघून गेलं. "आमी नुसती मान हलवतो, शेटजी. समजत काहीच नाही."

त्या रात्री मौन संपलेलं असूनही शेठजी घरी गप्पच होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्यांनी तिघांना समोर बसवलं.

"आजपासून मी सगळं साफ सांगत जाईन. नाही समजलं तं इचाराचं. मी चिडणार नाही," ते जरा चिडूनच म्हणाले. "पयली गोष्ट. मागचा माल पुढं घेत जा. समजलं?"

तीन माना हलल्या. शेठजी थांबून राहिले. शेवटी भागवतनं भीत भीत हात वर केला.

"नाही समजलं."

'येवढंही' हा शब्द शेठजींच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला. "काय नाही समजलं?"

"मागचा म्हणजे मागच्या खोलीतला, का मागच्या साली उरलेला?"

"मागच्या खोलीतला," देवमन म्हणाला. "मी रोज सकाळी पुढं आणून ठेवतो ना."

"तुमी आणता काय तो?" भागवत उठूनच उभा राहिला. "मी रोज सांजीले मागं नेऊन ठेवतो! म्हणलं, कोण आणते हा पुढं!"

"मले वाटलं, जुना माल आधी विकाचा," रंजीता म्हणाली. "मी तं गिऱ्हाइकाले तोच पयले दाखवा म्हणते."

तिघंही उत्तरासाठी शेठजींकडे पाहू लागले. शेठजींनी मागच्या खोलीकडे पाहिलं, पुढच्या मांडणीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली.

"या, बसा जरा," शेठजी नरमाईनं म्हणाले. "मी इतकी वर्षं काय म्हणत होतो, ते आमी चौघं मिळून पाहून राह्यलो."