काळ्या चष्म्यामागच्या पापण्या

शिकवता येत नाही अशी गोष्ट जगात नाही, असं माझं ठाम मत आहे. अख्खी नोकरी मी पहिलीचा वर्ग सांभाळला. 'ळ' काढताना पेन्सिल कुठून वळवायची, हे ज्यांना मी हात धरून शिकवलं, त्यांतले काही आज वणीच्या खाणीतून कोळशाचे ट्रक बाहेर काढतात, तेही अरुंद वळणावरून! त्यामुळे शेजारच्या अश्वजितची पोर उर्वशी डोळे पुसत माझ्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा मी मिशीवर हात फिरवला.

"गुरुजी, माह्या हातून होत नाही."

"काय होत नाही?"

"पापण्या!"

उर्वशी माझीच विद्यार्थिनी. नागपूरला पार्लरचं काम शिकून आली आणि घरातल्या समोरच्या खोलीत दुकान मांडून बसली. नागपुरात ती एक खास विद्या शिकली होती, आयलॅश एक्स्टेन्शन. म्हणजे पापणीच्या एकेका केसावर एकेक बारीक, काळा, बाकदार केस गोंदाने चिकटवायचा.

"एकेका केसावर?" मी विचारलं.

"हाव, गुरुजी."

"सगळ्या केसांवर?"

"दोन्ही डोळ्यांच्या! आणि दोन केस एकमेकाले चिकटले नाही पाह्यजे, कातडीले गोंद लागला नाही पाह्यजे."

सुईत दोरा ओवायला मला अर्धी दुपार लागते. इथं ही पोर माणसाच्या डोळ्यावर नक्षीकाम करायला निघाली होती!

ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड फोडलं की आत कापूस नाही, अळीच आरामात बसलेली. अश्वजितने वैतागून कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली होती, आणि पोरीला सांगितलं होतं, "किसनरावच्या निकिताचं लग्न हाय. तिचे डोळे नीट झाले तं दुकान चालव. बिघडले तं मामाकडं पुण्याले जा अन् कंपनीत डबे भर." गावातली निम्मी पोरं अशीच डबे भरायला गेलेली. आता उर्वशीही जाणार म्हटल्यावर मी ओट्यावर सरसावून बसलो.

"पण शिकली आहेस ना तू?"

"थर्माकोलच्या डोक्यावर शिकली. थे डोकं हालत नाही. माणूस हालते! जित्ता डोळा पाह्यला की माहा हात असा थरथरते. सरावाले कोणी डोळा देत नाही. माय म्हणते, डोळा सोडून काही बी माग."

"हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" मी छाती पुढे काढली. "माझे डोळे घे!"

आतून साधनाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला, "घेऊन जाय बाई! तसेही कामाचे नाहीत. काल पूनमसिंगले रामलाल समजून चहा पाजला यायनं."

"ऊन होतं डोळ्यावर!" मी म्हणालो.

"अंगणात सावली होती," साधना म्हणाली.

असल्या टोमण्यांना शिक्षक भीक घालत नाही. मी उर्वशीच्या खोलीत जाऊन बाजेवर आडवा झालो. डोक्यावर गोल, पांढरा दिवा लागला. खालच्या पापण्या झाकायला तिनं गार पट्ट्या चिकटवल्या. "आता डोळे मिटा गुरुजी. आणि बोलू नका."

डोळे मिटणं सोपं होतं हो! न बोलणं? जन्मभर इतरांना 'गप्प बसा' म्हणणारा माणूस मी, स्वतः कधी बसलोच नव्हतो.

"हात थरथरला की थांब," मी ओठ न हलवता सांगितलं. "श्वास सोड. अख्ख्या डोळ्याकडे पाहू नको. एकच केस बघ. तो झाला की दुसरा."

"गुरुजी, बोलू नका."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "डावा डोळा उघडून पाहा बरं."

मी उघडायला गेलो. उघडेना! पुन्हा जोर लावला. डावी भुवई कपाळाच्या वर पोचली, डोळा जागचा हलेना. घाईत डावीकडची पट्टी सरकली होती आणि वरच्या पापण्या खालच्या पापण्यांना जाऊन चिकटल्या होत्या!

घाबरायचं नाही, असं मी तिला दहादा बजावलं होतं. तोच मी बाजेचा पाय धरून ओरडलो, "अगं माय! आंधळा झालो!"

उर्वशीची माय आतून धावत आली, मला पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. तिचा अंदाज खरा ठरला होता. उर्वशी हुंदका गिळून कसलीशी मलई कापसाच्या बोळ्यानं लावत होती. गोंद सुटला, डोळा उघडला. समोर तिचा चेहरा, उन्हात सुकलेल्या पालेभाजीसारखा.

"जाते मी पुण्याले," ती म्हणाली.

मी उठलो असतो तर ती गेलीच असती. मी पुन्हा आडवा झालो. "पहिल्या 'ळ'चं पोट कोणाचं नीट आलं होतं? तुझा 'ळ' तर जिलबीसारखा होता. पट्टी नीट लाव. कर परत."

आणि मग जे झालं, ते मला सांगताही येत नाही. डोळे मिटलेले, त्यामुळे दिसत काही नव्हतं. पण कळत होतं! आधी चिमटा यायचा तो दचकत, दारात उभ्या असलेल्या नव्या पोरासारखा. हळूहळू तो सरळ यायला लागला. यायचा, एक केस बाजूला करायचा, दुसरा त्यावर ठेवायचा, जायचा. स्पर्श एवढाच की पऱ्हाटीतून चालताना कापसाचा तंतू गालाला लागून जावा. तिचा श्वास संथ झाला. माझाही झाला. इतका, की मी घोरायला लागलो.

जागा झालो तेव्हा तिनं आरसा पुढे धरला.

आरशात मीच होतो. तेच टक्कल, त्याच पांढऱ्या मिशा. पण डोळे? डोळे कुण्या राणीचे! काळ्याभोर, दाट, बाकदार पापण्या, मोजून आखल्यासारख्या. मी पापणी लववली. वारा आल्यासारखं वाटलं!

"हे तू केलंस?" मी विचारलं. एवढ्याशा पोरीनं, एवढ्याशा चिमट्यानं!

"काढून देऊ काय, गुरुजी?"

"खबरदार!" मी म्हणालो. पहिल्यांदा नीट आलेलं अक्षर मी कधी कुणाच्या पाटीवरून लगेच पुसलं नाही. दोन दिवस तरी राहू दे म्हटलं.

घरी गेलो तर साधनाच्या हातातली पळी वरणात पडली. "माय वो!" एवढंच म्हणाली. पदरानं हात पुसत जवळ येऊन पाहिलं. मग म्हणाली, "घराच्या बाहेर नका जाऊ."

पण संध्याकाळी फाट्यावरच्या चहाशिवाय मला चैन पडत नाही. साधनाच्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळचा मोठा काळा चष्मा कपाटात होता. तो चढवला आणि निघालो.

"जयभीम गुरुजी!" रामलाल म्हणाला. "ऑपरेशन झालं वाट्टे?"

आता काय सांगणार? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर चष्मा काढावा लागणार. मी "हूं" केलं.

"कोणं केलं?"

"अं... उर्वशीनं."

"अश्वजितच्या पोरीनं?" बाकावरचे सगळे वळले. "दुखलं काय?"

"अजिबात नाही. मला तर झोप लागली!"

"अन् दिसते काय?"

"एकदम साफ!" मी म्हणालो, आणि चहाचा कप घ्यायला हात पुढे केला. तो बिस्किटांच्या बरणीत गेला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"पैसे?"

"माझ्याकडून घेईल का ती पोर!"

एवढंच बोललो हो मी! चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी निकिताचे डोळे व्हायचे होते. सकाळीच अश्वजितचा आवाज ऐकू आला, "गुरुजी! बाहेर या!"

गेलो तर त्याच्या दारापासून हातपंपापर्यंत म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या! डबे, घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या, सोबतीला एकेक सून. तांड्यावरून उत्तमसिंग आपल्या आईला बैलगाडीत घालून आला होता. सगळ्यांत पुढे रुखमाबाई.

"मी उपाशी आली बापा," ती म्हणाली. "चहाबी नाही घेतला. उजवा डोळा आधी करा म्हणा पोरीले."

"हे काय हो, गुरुजी?" अश्वजित दात ओठ खात होता. "सारे म्हणून राह्यले, गुरुजीनं सांगितलं का इथं फुकट ऑपरेशन होते!"

मी डोळ्यावरचा काळा चष्मा सावरतोय तोवर ऑटो येऊन थांबला. आत निकिता आणि तिची आई विजयमाला. विजयमालाबाईंनी गर्दी पाहिली, घोंगड्या पाहिल्या, रुखमाबाईला विचारलं आणि किंचाळल्या, "मोतीबिंदू? ज्या चिमट्यानं मोतीबिंदू काढते त्या चिमट्यानं माह्या पोरीचे डोळे? निकिता, उतरू नको!"

दारात उर्वशी उभी होती. तिच्या हातातला चिमटा पुन्हा थरथरायला लागला. ऑटोवाल्यानं गाडी वळवायला घेतली. ऑटो गेला की मागोमाग पुण्याची गाडी, हे मला दिसत होतं.

मी चष्मा काढला.

उत्तमसिंगच्या बैलांनीही रवंथ थांबवलं असावं. मी पापण्या लववल्या. एक सून हातातला डबा सोडून उभी राहिली.

"ऑपरेशन नाही," मी म्हणालो. "हे केलंय उर्वशीनं. केसावर केस. प्रत्येक केस वेगळा!"

रुखमाबाई उठली, माझी हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला, आणि एक पापणी चिमटीत धरून ओढली.

"आई गं!"

"निंगत नाही वो!" ती मागं वळून ओरडली. "पक्की हाय!"

"यातले तुमचे कोणते, गुरुजी?" कुणीतरी विचारलं. मलाच ओळखता येत नव्हतं. मग एकेक जण पुढे येऊन पाहू लागला. हसावं असं कुणाच्या मनातही आलं नसावं. नुसते बघत होते, तोंड उघडं ठेवून.

विजयमालाबाई ऑटोतून उतरल्या. बाजारात वांगं निरखावं तसं त्यांनी मला निरखलं. "काम बारीक हाय," त्या म्हणाल्या. "पण लांब नाही झाले काय जरा?"

"झाले, काकू," उर्वशी म्हणाली. मी चमकून पाहिलं. हात स्थिर होता. "गुरुजी झोपले होते, मले थांबवाले कोणी नव्हतं. निकितासाठी आखूड काढून ठेवले."

निकिता ऑटोतून उतरलीच. "आई, गुरुजीले शोभून राह्यले तं मले काहून नाही शोभणार?"

दोघी आत गेल्या. मी दाराशी जाऊन म्हणालो, "उर्वशी, हात थरथरला की थांब, श्वास..."

"गुरुजी," ती म्हणाली, "आता तुम्ही बोलू नका." आणि दार लावून घेतलं.

खिडकी मात्र उघडी होती. तिथं मी, रुखमाबाई, उत्तमसिंग, सगळे गोळा झालो. उर्वशी पाठीचा कणा ताठ करून बसली होती. एका हातानं एक केस वेगळा करायची, दुसऱ्या हातानं काळा केस गोंदाला टेकवून त्यावर ठेवायची, क्षणभर धरायची, सोडायची. पुन्हा. पुन्हा. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं तरी तिच्या हाताची चाल बदलली नाही. ज्या म्हाताऱ्यांना घरी पाच मिनिटं कुणी शांत बसवू शकत नव्हतं, ते श्वास धरून उभे होते. माझ्या वर्गात असं कधी झालं नव्हतं!

निकितानं डोळे उघडले. रुखमाबाई खिडकीतूनच बोटं मोडून दृष्ट काढू लागली. विजयमालाबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांना पाहून निकिताचेही ओठ थरथरले.

"रडायचं नाही!" उर्वशी गरजली. "आजच्या दिवस पाणी लागू द्याचं नाही!"

सवय म्हणा की धाक, दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळीही निकिता हसत हसतच गेली. किसनराव तेवढे एकटे रडले. आणि त्या दुपारी पुण्याहून मामाचा फोन आला, तेव्हा अश्वजित म्हणाला, "पोरीले टाइम नाही."

पण हे पुढचं. तिथं अंगणात रुखमाबाईनं मला धरलं. "थे सारं ठीक. आमच्या मोतीबिंदूचं काय?"

मी तेव्हा हवेत होतो. "वणीला डोळ्यांचं शिबिर आहे. मी स्वतः सगळ्यांना नेतो!" मी म्हणालो आणि समोरच्याला हुकूम सोडला, "रामलाल, उद्या लग्न उरकलं की परवा सकाळी ट्रॅक्टर काढ!"

समोरच्यानं आधी मागे वळून पाहिलं.

"गुरुजी," समोरचा म्हणाला, "मी पूनमसिंग होय."

"अन् शिबिराच्या यादीत यायचंही नाव घाला," मागून साधना म्हणाली.

शिबिरात रुखमाबाईचे दोन्ही डोळे ठणठणीत निघाले. तिला फक्त चष्म्याचा नंबर लागला. मोतीबिंदू पिकला होता तो माझा. नर्सबाईंनी मला पाहिलं, दुसऱ्या नर्सबाईंना बोलावलं, दोघींनी मिळून पाहिलं आणि सांगितलं, "आजोबा, आधी हे काढून या." उर्वशीनं त्या राणीच्या पापण्या एकेक करून सोडवल्या. मला वाईट वाटलं, हे कशाला लपवू?

ऑपरेशन झालं. डोळ्यावर काळा चष्मा घालून, यावेळी डॉक्टरांनी दिलेला, मी फाट्यावर गेलो.

"काढा गुरुजी, काढा!" रामलाल बाकावरून उठला. तो रामलालच होता, आता लांबूनच ओळखला मी! "या खेपेले कोणत्या लावल्या? दाखवा ना!"

"अरे, खरंच ऑपरेशन झालंय!"

"मागल्या खेपेलेबी असंच म्हणे होते!"

शेवटी वैतागून मी क्षणभर चष्मा वर केला. सगळे वाकून पाहू लागले. रामलालचा चेहरा पडला.

"काय गुरुजी," तो हळहळला, "एवढे डॉक्टर असून असं केलं? उर्वशीनं किती चांगलं केलतं!"