कपाटाचं गाणं

"गाणं काप," मॅनेजर म्हणाले.

ऑपरेटरने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "कुठलं गाणं?"

"कुठलंही. सगळ्यात लांब असेल ते."

"सगळ्यात लांब म्हणजे कपाटाचं."

"मग कपाटाचं काप."

थिएटरच्या धंद्यात गाणं कापणं नवीन नव्हतं. सिनेमा लांबला, पंख्यांचं बिल वाढलं किंवा ऑपरेटरला कुठं लग्नाला जायचं असलं, की एखादं गाणं गुपचूप रिळातून बाहेर काढायचं, त्याची गुंडाळी डब्यात ठेवायची आणि सिनेमा परत पाठवायच्या आधी चिकटवून द्यायची. आतापर्यंत त्याने कितीतरी गाणी अशी कापली होती आणि एकाही माणसाने हूं की चूं केलं नव्हतं. पण ती गाणी वेगळी होती.

"साहेब, लोक त्या गाण्यासाठी येतात."

"लोक गोष्टीसाठी येतात. गाण्यात काही घडत नसतं. गाणं म्हणजे लोकांनी बाहेर जाऊन यायची सोय. काप म्हणतो ना!"

मॅनेजरांचा त्या सिनेमावर राग होता आणि तो दिवसेंदिवस वाढत चालला होता. त्यांना गंभीर सिनेमे आवडत. ज्यात एक माणूस बराच वेळ खिडकीतून बाहेर बघतो आणि शेवटी खिडकी बंद करतो, असे. तसा एक त्यांनी थिएटरच्या मालकीणबाईंच्या हातापाया पडून आणला होता. प्रेक्षक आले पाच, त्यातले दोघे उन्हातून जरा टेकायला आत शिरले होते. त्यानंतर हा आला, आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा हलायचं नावच घेईना. रोज हाउसफुल्ल. आजोबा, आजी, तान्ही मुलं, त्यांची दुपटी, पाण्याच्या बाटल्या, सगळी घरंच्या घरं यायची. खेळ संपला की खुर्च्यांखाली एकेक बूट सापडायचा. पोरं थिएटरच्या जिन्यात मुद्दाम अडकून बसायची आणि वरून-खालून ओढाओढी करत तेच ते गाणं म्हणायची. मॅनेजरांची खोली पडद्यामागच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे दुपारी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी सकाळीसुद्धा ते कपाट त्यांच्या कानात येऊन आदळायचं.

गोष्ट तरी काय होती? एक मोठं कुटुंब घर बदलतं. कपाट जिन्यात अडकतं. अर्धं घर वर, अर्धं खाली, आजोबा मधल्या पायरीवर. वर असते अबोला धरून बसलेली आत्या, खाली असतो ज्याच्याशी अबोला धरलाय तो सुतार. एवढ्यात सगळे गायला लागतात. कपाट अडकल्यावर शहाणी माणसं त्याची दारं काढतात, असं मॅनेजरांचं स्पष्ट मत होतं.

पण त्या दिवशी कापायचं कारण राग नव्हतं. सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. साडेआठला घरी जेवण होतं आणि मेहुणा सहकुटुंब येणार होता. घरच्या कुठल्याच समारंभात मॅनेजर कधी वेळेवर पोचले नव्हते. मेहुण्याच्या लग्नातल्या एकाही फोटोत ते नव्हते. नवीन माणसाला फोटो दाखवताना घरचे अल्बमातल्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवत आणि म्हणत, "आणि हे थिएटरात." आधी बायको चिडायची, मग रडायची, मग त्यांच्या आईला नावं ठेवायची. ते सगळं त्यांना झेपायचं. पण त्या सकाळी ती डबा हातात देताना फक्त म्हणाली, "बघा जमलं तर."

ते तीन शब्द मॅनेजरांना रागापेक्षा जास्त लागले. "याच हं" म्हणणारी बायको वाट बघत असते. "बघा जमलं तर" म्हणणारीने वाट बघणं सोडलेलं असतं. आज काहीही करून साडेआठच्या आत उंबरा ओलांडायचाच, असं त्यांनी ठरवलं. गाणं गेलं, मध्यंतरात पाच मिनिटं मारली, की जमत होतं.

संध्याकाळचा खेळ सुरू झाला. मॅनेजर मागच्या दाराशी घड्याळ बघत उभे राहिले. पडद्यावर कपाट जिन्यात शिरलं, करकरलं आणि अडकलं. आजोबा मधल्या पायरीवर बसले. सगळ्या थिएटरने छाती भरून श्वास घेतला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.

आणि पुढच्याच क्षणी कपाट खोलीत भिंतीला लागून उभं होतं, आणि आत्या सुताराच्या शर्टाचं बटण शिवत होती.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एका पोराचा आवाज आला, "बाबा, कपाट कसं निघालं?" दुसरा म्हणाला, "आत्या बोलायला कधी लागली?" त्या पाठोपाठ काळोखातून एका बाईंचा खणखणीत आवाज उठला.

"अरे, गाणं कुठंय? कुणी खाल्लं गाणं?"

झालं. शिट्ट्या सुरू झाल्या. पाय आपटले गेले. मॅनेजरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने सोसलेलं सगळं एकदम वर आलं. टॉर्च घेऊन ते आवाजाच्या रोखाने निघाले.

"कोण ओरडतंय? खाली बसा बाई! वय काय, करता काय! गाण्यात काय सोनं ठेवलंय? गोष्ट चालू आहे ना? ती बघा मुकाट्यानं!"

आणि त्यांनी टॉर्च मारला.

उजेडात सासूबाई होत्या. नवी साडी, केसात फूल. शेजारी बायको. पलीकडे मेहुणा, त्याची बायको, मॅनेजरांच्या स्वतःच्या दोन्ही मुली, आणि सगळ्यांच्या मांडीवर पॉपकॉर्न. मॅनेजरांच्या हातातला टॉर्च आपोआप खाली झाला.

"तुम्ही... इथं?"

"जावई घरी येत नाहीत, म्हणून आम्हीच जावयांकडे आलो," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, यंदा वाढदिवस थिएटरातच करू. तुम्हाला कळू नये म्हणून खिडकीवर रांगेत उभं राहून तिकिटं काढली. ते जाऊ दे. आत्याचं आणि सुताराचं मिटलं कधी?"

"गाण्यात," मॅनेजर बारीक आवाजात म्हणाले.

"आणि गाणं?"

मॅनेजरांनी टॉर्च विझवला. बायको त्यांच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्यांचा चेहरा टॉर्चशिवाय वाचता येत होता.

"तुम्ही कापलंत," ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच कापलं. लवकर घरी यायला मिळावं म्हणून..."

"घरी कुणीच नाहीये," बायको म्हणाली. "आईला फक्त ते गाणं बघायचं होतं."

मॅनेजर वळले आणि जिना चढत ऑपरेटरच्या खोलीकडे धावले. "जोड! आत्ताच्या आत्ता गाणं जोड!"

"कुठं जोडू? ते रीळ संपलं, पुढचं चालू झालंय."

"मग पुढच्यात घाल! मध्यंतरानंतर लगेच. लोकांना गाणं हवंय ना, मग मिळू दे गाणं!"

"साहेब, पण तिथं दवाखान्याचा..."

"तू मला शिकवू नकोस!"

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. मध्यंतरात ऑपरेटरने घाईघाईने तुकडा जोडला. मॅनेजर शेजारी उभं राहून "आटप, आटप" करत होते, त्यामुळे त्याला धड बघायलाही फुरसत मिळत नव्हती. खेळ पुन्हा सुरू झाला. पडद्यावर दवाखाना होता. आजोबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. डॉक्टरांनी नाडी बघितली, चष्मा काढला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आता काही सांगता येत नाही." थिएटरात एक हुंदका ऐकू आला.

आणि कपाटाचं गाणं सुरू झालं. उलटं.

उलटं म्हणजे सगळ्या अर्थांनी उलटं. माणसं छतावर पाय टेकून चालत होती, तीही मागं मागं. खाटेवर अखेरच्या घटका मोजणारे आजोबा जिन्यात डोक्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. गाण्याचे शब्द कुठल्या तरी अज्ञात भाषेत येत होते. मोकळं असलेलं कपाट सगळ्यांनी मिळून मोठ्या उत्साहाने जिन्यात नेऊन अडकवलं. मग कर्रर्र असा आवाज झाला, पडदा पांढरा पडला आणि फिल्म तुटली.

दिवे लागले. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले होते, पण हसू ओसरल्यावर पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. "गाणं! गाणं! गाणं!" खुर्च्यांचे हात बडवले जाऊ लागले. बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीतून मालकीणबाई काठी टेकत उठल्या. बाई फारशा बोलत नसत. त्यांनी काठी ऑपरेटरच्या खोलीतून धावत बाहेर आलेल्या मॅनेजरांकडे रोखली आणि मग स्टेजकडे.

मॅनेजर आगीतून उठून फुफाट्यात पडले होते. ते स्टेजवर चढले. समोर हजार डोळे. त्यांनी घसा खाकरला.

"रसिकहो, काही तांत्रिक कारणामुळे..."

"खोटं बोलू नका," तिसऱ्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या.

"काही अपरिहार्य कारणामुळे..."

"जावईबापू!"

मॅनेजरांनी हात जोडले. "मीच कापलं," ते म्हणाले. "चूक झाली. फिल्म तुटलीय, जोडायला वेळ लागेल. आता गाणं कुठून आणू, तुम्हीच सांगा."

थिएटर जरा शांत झालं. तेवढ्यात बायकोचा आवाज आला. मोठा नव्हता, पण त्यांना बरोबर ऐकू आला.

"बघा जमलं तर."

मॅनेजरांनी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. पण या वेळी ती वाट बघत होती, हे त्यांना लांबूनही दिसलं. आणि मग जे घडलं, त्यावर ऑपरेटरचा अजूनही विश्वास बसत नाही. ज्या मॅनेजरांनी तो सिनेमा एकदाही धड बघितला नव्हता, त्यांनी डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

"वरचे ओढा, खालचे ढकला, मधले धरा श्वास..."

"कपाट अडलं जिन्यात तरी अडणार नाही घास!" सगळं थिएटर गरजलं.

भिंतीतून इतके महिने झिरपलेलं सगळं बाहेर पडू लागलं. आजोबांची ओळ, वरच्यांची, खालच्यांची, मध्येच शिंकणाऱ्या काकाची शिंकसुद्धा मॅनेजरांना पाठ होती. बाल्कनीने वरच्यांचा भाग उचलला, खालच्या लोकांनी खालच्यांचा. पोरं रांगांच्या मधल्या वाटेत अडकून बसली आणि त्यांचे आईबाप त्यांना ओढू लागले. मेहुणा शिट्टी वाजवत होता. असं करता करता सुताराचं कडवं आलं. त्याचा अर्थ मॅनेजरांच्या ते म्हणताना पहिल्यांदाच लक्षात आला.

"रोज गेलो याच जिन्यानं, मान वर ना केली..."

इथं ते थांबले. आपण कधीच वर बघितलं नाही, अल्बमातल्या त्या कोऱ्या जागेची आपल्याला कधी लाजही वाटली नाही, हे त्यांना भर थिएटरात, पाचशे माणसांसमोर कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं. नुसतं बोलून हे त्यांना जन्मात सांगता आलं नसतं. थिएटर थांबलं होतं. आत्याची ओळ म्हणायला कुणीच धजावेना.

"कपाट मध्ये आलं म्हणून तरी नजर वर गेली!" तिसऱ्या रांगेत बायको उभी राहून गायली. सूर जरा चढाच लागला होता.

त्यानंतर जे टाळ्यांचं वादळ झालं, त्यात फिल्म जोडून झाल्याची ऑपरेटरची घंटा कुणाला ऐकू आली नाही. गाणं आणखी एकदा झालं. सिनेमा साडेनवाला संपला. जेवण गार झालं होतं, पण मॅनेजर पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबर ताटावर बसले होते. बायको वाढताना दोनदा हसली. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात घाई केलीत."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर थिएटरात आले, तेव्हा तिकिटाच्या खिडकीवरची रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडे गेली होती. पुढचा माणूस विचारत होता, "मॅनेजर गातात तोच खेळ ना? नाहीतर उद्याचं द्या."

मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते थेट ऑपरेटरच्या खोलीत शिरले.

"गाणं जागच्या जागी जोड. सुलट. आत्ता."

"डबा नाहीये, साहेब. सकाळीच मालकीणबाई घेऊन गेल्या. म्हणाल्या, सिनेमा असाच कापलेला चालवायचा आणि त्या जागी दिवे लावून तुम्हाला स्टेजवर पाठवायचं. रोज."

"रोज? अरे, मग मी घरी कधी जायचं? आधी साडेआठला सुटत होतो, आता साडेनऊ वाजणार! कुठं ठेवलाय डबा?"

"त्यांच्या कपाटात. कुलूप लावून."

"किल्ली?"

ऑपरेटरने चहाचा घोट घेतला. "बाईंनी आपल्या वहिनींना दिलीय. सकाळीच आल्या होत्या, त्यांनीच मागून घेतली. संध्याकाळची तिसऱ्या रांगेतली एक खुर्चीही कायमची राखून ठेवायला सांगून गेल्यात."

मॅनेजर बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग खिडकी बंद करून ते मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला गेले.