सदर बॅग बनावट आहे

नोकरी माणसाला ठरलेल्या तारखेला सोडते. तपासणीची सवय मात्र त्याच्यासोबत घरी येते आणि थेट स्वयंपाकघरात शिरते. वाशी गावचे आबाराव वजनमापांचे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातली डाळ, साखर आणि पत्नी सरुबाईंच्या भाकरी (व्यासासह) तपासून काढल्या.

"आता माझ्या कपाळावर शिक्का मारायचा तेवढा ऱ्हायलाय," म्हणत सरुबाईंनी लेकीकडून, म्हणजे प्रीतीकडून, त्यांना एक मोबाईल आणवला. घरात शांतता नांदावी, एवढाच शुद्ध हेतू होता.

मोबाईलवर पितळी तराजू शोधता शोधता आबाराव एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर पोचले. तिथं 'लामोरेल' नावाच्या परदेशी कंपनीच्या बायकी बॅगांवर बोली चालली होती. एका बॅगेच्या किमतीत ट्रॅक्टरची ट्रॉली आली असती. (ट्रॉलीत सामानही जास्त मावतं.) एका बॅगेचे टाके सरळ होते, दुसरीचे तिरके. पोकळ वजन हातात आल्यावर यायचा तसा त्यांच्या अंगावर काटा आला. फोटोखाली बटण होतं, 'तक्रार नोंदवा'. त्यांनी लिहिलं, "सदर बॅग बनावट आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."

संध्याकाळी बॅग गायब आणि साइटचं उत्तर हजर : 'प्रिय आबाराव, तुमच्यामुळे जग अधिक विश्वासार्ह झालं आहे.' अख्ख्या नोकरीत त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या आनंदात त्यांनी सरुबाईंच्या वाटचाही चहा पिऊन टाकला.

मग अभ्यास वाढला. खऱ्या बॅगेची चेन लोण्यासारखी सरकते, अस्तराला सुरकुती नसते, आणि विकणारा 'शंभर टक्के ओरिजनल, आईशप्पथ' असं लिहीत नाही, हे सिद्धांत आबारावांनी स्वतः शोधून काढले. ज्या माणसानं जन्मभर नायलॉनच्या पिशवीपलीकडं काही हातात धरलं नव्हतं, त्याच्या एका तक्रारीनं दिल्ली-मुंबईचे विक्रेते दुकान आवरू लागले. साइटनं त्यांना 'सुवर्णदक्ष सदस्य' केलं. त्यांच्या स्थानिक पाहणीत वाशीतल्या शंभर टक्के पर्सा बनावट निघाल्या (नमुना : घरातल्या दोन, शेजारच्या मल्लम्मांची एक). मल्लम्मा तेव्हापासून पर्स पदराखाली घेऊन गिरणीला जात.

अशात प्रीतीला बघायला तामलवाडीचे पाहुणे यायचे ठरले. बघायचं फारसं उरलं नव्हतं. प्रीती आणि संघपाल दोघंही शिक्षक. प्रशिक्षणात भेटले, एकमेकांना पसंत करून मोकळे झाले. थोरांना आपणच ठरवलं असं वाटावं, म्हणून ही बैठक.

"बाबा, काहीबी बघा, पण कुणाची पर्स बघू नका," प्रीती हात जोडून म्हणाली.

"न्हाय बघत," आबारावांनी शब्द दिला.

पाहुणे आले. 'जय भीम' झालं. संघपालच्या आईनं, भागीरथीबाईंनी, ऐटीत टीपॉयवर बॅग ठेवली. लामोरेल!

पाहुणे मुलगी बघत होते आणि मुलीचा बाप बॅग बघत होता. आबारावांनी डोळे मिटले; मिटल्या डोळ्यांपुढंही तिरके टाके नाचू लागले. ते पाणी प्याले, त्यांनी छताकडं पाहिलं, पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढले.

"तुमच्या काही अपेक्षा?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"बक्कल..." आबारावांच्या तोंडून निसटलं.

"बक्कळ म्हणत्यात," सरुबाईंनी सावरलं. "बक्कळ अपेक्षा न्हाईत आमच्या."

तेवढ्यात भागीरथीबाईंनी रुमाल काढायला चेन ओढली आणि ती करकरली. आबाराव ताडकन उभे राहिले.

"सदर बॅग बनावट आहे!"

प्रीतीनं ट्रे तोंडापुढं धरला. संघपालचे कान लाल झाले. आता काही हे लग्न होत नाही, हे आबारावांना स्वतःलाच कळलं. पण बोललेलं परत घ्यायचं बटण कुठं नव्हतं.

"व्हय की," भागीरथीबाई म्हणाल्या. "सोलापूरच्या फुटपाथवरची हाय. लई घासाघीस करून घेतलीय. पर भाऊ, तुमी खरी कुठं बघितली?"

आबारावांचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला. खरी त्यांनी कुठंच बघितली नव्हती.

आधी प्रीतीला हसू फुटलं. मग संघपालला, मग सरुबाईंना, आणि शेवटी भागीरथीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "असा खरा माणूस व्याही म्हणून मिळायचा न्हाय. काढा तारीख!"

लग्न थाटात झालं. आबाराव मात्र त्या प्रश्नावर विचार करत राहिले आणि शांत डोक्यानं निष्कर्षाला पोचले : ज्या अर्थी खरी कुणीच बघितलेली नाही, त्या अर्थी ती नाहीच. त्यांनी सरसकट तक्रारी केल्या. सुवर्णदक्षाचा शब्द म्हणून साइटनं खुद्द लामोरेलचं अधिकृत दुकानच बंद करून टाकलं. कंपनीनं हरकत घेतली, तेव्हा साइटनं कंपनीकडं ती खरी असल्याचा पुरावा मागितला. चौकशी चालू आहे.

हे वाचून तुम्ही हसलात, बरं वाटलं. फक्त मधल्या मधे, कुणाचं लक्ष नाही असं बघून, तुम्ही आपली बॅग हळूच खुर्चीमागं सरकवलीत, ती आता पुढं घ्या.