सात धारदार, पाच पुसट

फोटोभाऊंचं एक ठाम मत होतं. चेहरा म्हणजे डोळे, भुवया आणि ओठांच्या कडा. बाकी सगळं भरताड. म्हणून कॉम्प्युटरवर फोटोला धार लावायची, म्हणजे रेषा ठळक करायच्या, त्या एवढ्याच जागी, गालाला बोटसुद्धा लावायचं नाही. "सगळ्या तोंडावरून धार फिरवायला ती काय दाढी आहे?" असं ते कुणी न विचारताही ऐकवत.

पोटापाण्यासाठी मात्र ते कंपनीच्या तळघरात जुन्या फायली सांभाळत. मुख्य कार्यालयाने नव्या ओळखपत्रांसाठी शाखेतल्या बाराही जणांचे फोटो मागवले, तेव्हा साहेबांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं आणि भाऊंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी फोटो काढले, घरी नेऊन धार लावली आणि पाठवून दिले.

आठवड्याभराने टायपिस्टबाई तळघराच्या पायऱ्या उतरून आल्या. एरवी धुळीने शिंका येतात म्हणून त्या खाली फिरकत नसत.

"भाऊ, बसा."

"बसलोच आहे की."

"मग उठू नका. यादी आली."

कसली ते विचारायची गरज नव्हती. दोन शाखा एक होणार, माणसं कमी होणार, ही कुजबुज महिनाभर चालू होती.

"वरून आपले सगळ्यांचे फोटो छापून आलेत, फळ्यावर लावलेत. कोण राहणार, कोण जाणार, बघताक्षणी कळतं. पाच जण चाललेत," बाई म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या. "तुम्ही त्यात आहात."

"आणि तुम्ही?"

"मी राहिले," त्या चोरी केल्यासारख्या म्हणाल्या आणि भाऊंच्या हातावर एक पेपरमिंटची गोळी ठेवून गेल्या.

लेकीचं कॉलेजचं पहिलंच वर्ष, आणि फायलींवरची धूळ झटकण्यापलीकडे काही न येणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला दारात कोण उभं करणार? फळ्यासमोर जाऊन स्वतःचा निकाल वाचायची काही छाती होईना. ते मागच्या जिन्याने थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

साहेब खण रिकामा करत होते.

"साहेब, एकोणीस वर्षं झाली हो मला इथे."

"मला सव्वीस झाली," साहेब मान वर न करता म्हणाले. "मीही त्या पाचांतच आहे."

भाऊ खुर्चीत बसले. साहेबच गेले म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे?

"फोन केला होता मी वर," साहेब म्हणाले. "तिथली बाई म्हणते, यादीबिदी काही नाही, ओळखपत्रांचा नमुना आहे, नावं तपासा. आता ते काय सरळ कबूल करणार आहेत? चला, एकदा डोळ्यांनी बघून येऊ."

फळ्यासमोरची गर्दी त्यांना बघून गपकन बाजूला झाली. भाऊंनी चष्मा चढवला. वरच्या ओळीतले सात जण डोळे वटारून बघत होते. पापणीन्‌पापणी मोजून घ्यावी! स्टोअरकीपरच्या भुवया तर बूट पुसायच्या ब्रशसारख्या उभ्या होत्या. खालचे पाच जण मात्र साधेसुधे, थोडे पुसट, कॅमेऱ्यातून निघाले तसेच. पुसट ते जाणार, असा सगळ्यांनी अर्थ लावला होता.

भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ती धार त्यांच्याच हातची होती.

गप्प राहावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण साहेबांचा रिकामा खण डोळ्यांसमोरून हलेना. ते साहेबांच्या कानाला लागले. "साहेब, हे वरच्यांनी नाही केलेलं. मी केलंय. सातांना धार लावली, पाच राहून गेले आणि तसेच पाठवले."

साहेबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "म्हणजे आपण जात नाही?"

"नाही साहेब."

साहेबांनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुख्य कार्यालयातलीच बाई होती. साहेबांनी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"कुणाचीही नोकरी जात नाहीये, साहेब. उलट इथेच माणसं कमी पडतायत. आणि मघाशी सांगायचं राहिलं, खालचे पाच फोटो उत्तम आहेत. वरचे सात तेवढे परत काढून पाठवा. दारावरचं चेहरे ओळखायचं यंत्र त्यांना ओळखतच नाहीये."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हिशेबनीस तर तिथेच पायरीवर बसून हसायला लागला. मग टायपिस्टबाईंनी स्वतःच्या फोटोकडे नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पण आमच्या डोळ्यांचं हे केलं कुणी?"

सातही जण हळूहळू भाऊंकडे वळले. साहेबांनी भाऊंचा दंड धरला, त्यांना केबिनमध्ये ओढलं आणि आतून कडी लावली.

"आता फोटो बाहेरच्या स्टुडिओतून काढून घेऊ," खणातलं सामान परत लावत साहेब म्हणाले.

"बरं साहेब," भाऊ म्हणाले. नोकरी राहिली होती. या घटकेला त्यांनी कॅमेरासुद्धा देऊन टाकला असता.

"पण काय हो, माझा फोटो कसा वाचला?"

"तुमचा खास म्हणून शेवटी ठेवला होता, साहेब. सातवा संपला आणि हिने जेवायला हाक मारली. दुसऱ्यांदा हाक मारायची पद्धत नाही आमच्याकडे."

साहेबांनी खण बंद केला.

"वहिनींना माझा नमस्कार सांगा."