नांदायला गेलेल्या पेनड्राइव्ह

सोपानभाऊ पेनड्राइव्ह नांदायला पाठवतात. एक मढला मावसभावाच्या टपरीत, एक येडगावला बहिणीकडं, एक निरगुडसरला थोरल्या भावाकडं. "दोन लेकी एका घरात देऊ न्हाई, ताई. घर बुडालं तर दोघी माघारी." लेकींना असल्या उपमांत कोंबणाऱ्यांविरुद्ध मी पत्रक काढलेलं आहे. ते सोपानभाऊंनाही दिलं. त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढून तिन्ही गावी ठेवल्या.

आमची संस्था डोंगरातल्या शाळांसाठी कॉम्प्युटरवर धडे बनवते. चित्रं, आवाज, मधेमधे प्रश्न. ते सॉफ्टवेअर चालवतात सोपानभाऊ. मी मजकूर लिहिते आणि भांडते. धडा तयार झाला की बाकीचे पेढे खातात, हे मूळ फाईल त्या तिन्ही पेनड्राइव्हवर भरून सांभाळत बसतात. "पोरांना दाखवतो तो धडा म्हंजी भाकरी. मूळ फाईल म्हंजी पीठ. भाकरीचं परत पीठ व्हतं का राव?" कुणी पेनड्राइव्ह लावून तिच्यावरच काम करू लागलं, तर ताडकन उठतात. "आधी लॅपटॉपवर उतरव! चालत्या टेम्पोत सैपाक करतं का कुणी?"

अधूनमधून पिशवीत फरसाण घेऊन ते गावं फिरतात. नवी फाईल भरतात, जुनी पुसतात. "जुनी ठेवली की लोक नेमकी तीच उचलत्यात." मग धडा उघडून बघतात, चहा पितात. "न उघडलेली कॉपी म्हंजी अफवा."

गेल्या वर्षी आम्ही हिरड्यावर धडा केला. डोंगरातली बायापोरं हिरडा गोळा करतात, व्यापारी काटा मारतो. पोरांना वजन कळावं, एवढाच हेतू. यंदा कुठल्याशा कार्यालयातल्या साहेबांना ती काटामारी खुपली. "तेवढा प्रसंग काढा, धडा सगळ्या शाळांत जाईल." आमच्या अध्यक्षांनी तो काढायला लावला. बदल त्याच फाईलवर सेव्ह झाला. आता धड्यातला व्यापारी हसतमुख आणि काटा चोख! मी राजीनामा लिहिला. मग वाटलं, आधी जुना धडा शाळाशाळांत नेऊन दाखवू, मग खुशाल काढा मला.

"मूळ धडा द्या," मी सोपानभाऊंना म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. मढची आणि येडगावची कॉपी त्यांनी नेमानं बदलली होती. "निरगुडसरची तेवढी जुनी असंल."

"ती का राहिली?"

"इहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं वाजलंय आमचं दोघा भावांचं. दिवाळीपास्नं गेलोच न्हाई."

"म्हणजे तुमच्या भांडणानं धडा वाचवला!"

"तुमीच जा ना ताई. तुमाला देत्याल."

मी त्यांना गाडीवर मागं बसवलं.

थोरले ओट्यावर बसले होते. "कोण पावणं?" त्यांनी मला विचारलं. सख्खा भाऊ माझ्या शेजारी उभा होता. मी काम सांगितलं. पेनड्राइव्ह देव्हाऱ्यातून बाहेर आली, कुंकू लागलेली. सोपानभाऊंनी ती शर्टाला पुसून लॅपटॉपला लावली. धडा उघडला आणि व्यापाऱ्यानं झकास काटा मारला. चोरी पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

कॉपी सुरू झाली. वहिनींनी चहा आणला.

"इहिरीवरची मोटार जळली," थोरले लॅपटॉपकडं बघत म्हणाले.

"कवा?"

"तुझ्याच पाळीला."

"मंग सांगायचं न्हाई?"

"तू कुठं फोन उचलतो?"

स्क्रीनवरची कॉपीची पट्टी भरून केव्हाच नाहीशी झाली होती. सोपानभाऊंनी ते पाहिलं, मीही पाहिलं.

"झालं का रं?" थोरल्यांनी विचारलं.

"न्हाई अजून. लई मोठी फाईल हाय."

मी लॅपटॉपचं तोंड माझ्याकडं वळवून घेतलं.

"बस मंग," थोरले म्हणाले, आणि ओट्यावर जरा सरकले.