इमारतीने नेसलेला कांगा

मकामेला ती इमारत सुचली तेव्हा तो भात खात होता. निदान त्याच्या बायकोने, तातूने, त्याला भात वाढला तरी होता. गॅलरीतल्या दोरीवर तिचा कांगा, तिथल्या बायका अंगाभोवती नेसतात ते छापील नक्षीचं कापड, वाळत होता. समुद्रावरचा वारा त्याच्याशी खेळत होता आणि उतरतीचं ऊन कापडातून गाळून, मऊ होऊन फरशीवर पडलं होतं. मकामेचा घास हातातच राहिला.

"अरे, गार झाला भात," तातू म्हणाली.

"तातू, इमारतीला कांगा नेसवला तर?"

"नेसव. पण आधी पानातला मासा संपव."

मकामे आर्किटेक्ट होता आणि दार-ए-सलाममधल्या एका विमा कंपनीचे मालक, ज्यांना सगळे आदराने 'मझे' म्हणत ते किटवाना, यांनी त्याला आयुष्यातली पहिली मोठी इमारत सोपवली होती. किटवानांना पश्चिमेची अख्खी बाजू काचेची हवी होती, कारण त्यांच्या मेव्हण्याची तशी होती. वर एसी कमीत कमी चालला पाहिजे आणि माणसंही उकडता कामा नयेत. मकामेला झोपेतसुद्धा ती काच तापलेली दिसायची. आता मात्र त्याला उत्तर सापडलं होतं. काचेपुढे हातभर अंतरावर पत्र्याचा जाळीदार पडदा लावायचा. ऊन त्यात अडकेल आणि वारा आत जाईल.

तोच कांगा बखोटीला मारून तो पत्रे कापणाऱ्या शबान मिस्त्रीकडे गेला.

"पत्र्यात हा जसाच्या तसा काप. एक ठिपका गाळायचा नाही."

"खालचं पण कापू?" शबानने विचारलं.

मकामे त्या वेळी कांगा वर धरून त्यातून आभाळ बघत होता. "सगळंच," तो म्हणाला.

खालचं म्हणजे काय, हे त्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. कांग्याच्या तळाशी एक ओळ छापलेली असते. सवतीला, सासूला, शेजारणीला जे तोंडावर बोलता येत नाही, ते तिथल्या बायका नेसून बोलतात. दुकानात रंग नंतर बघतात, ओळ आधी. मकामे मात्र पहिल्यापासूनचा नक्षीवाला माणूस. ओळीत त्याला अक्षरांची वळणं दिसायची आणि तेवढ्यावर तो खूश असायचा.

पडद्यावरचं झाकण निघालं त्या दुपारी सगळा रस्ता थबकला. इमारत खरोखर सुंदर दिसत होती. आणि प्रत्येक मजल्यावर, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, ती विचारत होती: "शेजारी बसतोस, पण असतोस कुठे?"

आत छान गारवा होता. लोकांनी आपण होऊन एसी बंद केले. पण ऊन कलायला लागलं तशी जाळीतून उन्हाची अक्षरं आत उतरली आणि खिडकीकडे पाठ करून बसलेल्या कारकुनांच्या टेबलांवर हळूहळू चालायला लागली. ज्याच्या टेबलावर ओळ येई तो कारकून दचकून फायली उघडी. एकाने तर न विचारता मागच्या आठवड्यातल्या दांडीची कबुली दिली. शेवटी अक्षरं किटवानांच्या केबिनमध्ये शिरून त्यांच्या पोटावर स्थिरावली, तेव्हा त्यांनी मकामेला बोलावणं धाडलं.

तो पोचायच्या आत शेजारचा गाद्यांचा व्यापारी शोमारी येऊन थडकला होता. मागे त्याची बायको.

"किटवाना, भर रस्त्यात माझी अब्रू टांगलीस!"

"तुझं नाव आहे का कुठे त्यात?"

"नाव कशाला पाहिजे? शेजारी म्हणजे मीच ना? दिवसभर दुकानात बसतो आणि असतो..."

"हं, असतोस कुठे?" बायको म्हणाली. "बोल की. का मी फेरीबोट पकडून किगांबोनीला जाऊन विचारू?"

शोमारीचा चेहरा उतरला. खाडीपलीकडे किगांबोनीत त्याचं दुसरं घर आहे, हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. आता बहुधा तिलाही.

"पडदा उद्या उतरव," किटवाना मकामेला म्हणाले. "मला शेजाऱ्याशी वैर नको."

पडदा उतरला की ही इमारत इतर भट्ट्यांसारखी एक भट्टी होणार होती आणि मकामेला पुन्हा कुणी काम देणार नव्हतं. त्याला खरंच रडू येत होतं.

"थांबा!" शोमारी घाईने म्हणाला. "ज्या बाईचा कांगा आहे तिला बोलवा. तिनेच सांगू दे हे कोणाला म्हटलंय. माझ्या जिवाची सुटका होईल."

तातू आली. तिने रस्त्यातूनच वर बघितलं, पदर तोंडाला लावला आणि मग मान खाली घालून आत आली.

"पोरी, घाबरू नकोस," किटवाना म्हणाले. "हा कांगा तू कोणाला टोमणा मारायला घेतलास?"

"मझे, ज्याच्यासाठी घेतला त्याच्यासमोर रोज नेसून बसत होते. त्याने एकदाही वाचला नाही."

सगळ्यांच्या माना मकामेकडे वळल्या. आपल्या मागे कोण उभं आहे हे बघायला मकामेही वळला. मागे भिंत होती.

पहिल्यांदा शोमारीची बायको हसली, मग कारकून. शोमारी गरजेपेक्षा बराच जास्त हसला. किटवाना मात्र पोटावरची अक्षरं निरखत होते. "राहू दे पडदा," ते म्हणाले. "आमच्या घरातूनही ही तक्रार आहे. तोंडी आहे एवढंच."

मकामे तातूबरोबर घरी निघाला. आपण किती दिवस हिला एकटीला जेवायला बसवलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरात शिरल्याबरोबर त्याने तिची पेटी ओढली आणि तळातला, विटलेला कांगा बाहेर काढला. तो त्याला आठवत होता. त्यातल्या केशरी कैऱ्या त्याला फार आवडायच्या. आज त्याने बोट ठेवून ओळ वाचली.

"'आज कुठे जाऊ नकोस.' तातू, हा कधीचा?"

"लग्नानंतरच्या महिन्यातला."

"आणि मी काय केलं होतं?"

"कैऱ्या फार छान आहेत म्हणालास आणि कामाला गेलास."

मकामेने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. "आज नाही जात," तो म्हणाला.

तातूने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, तो आहे ना याची खात्री करत. मग पेटी त्याच्यापुढे सरकवली.

"पुढचा वाच."