नाडकर्ण्यांच्या सात पिढ्या

आमच्या शेजारच्या दारात राहणारे नाडकर्णी स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगताना अडखळतात. पण एका जपानी स्पोर्ट्स कारच्या सातही पिढ्या त्यांना तोंडपाठ आहेत. सिंगापुरात बुकित तिमाहच्या आमच्या काँडोखालून एखादी घुरघुरत गेली की बाल्कनीतल्या खुर्चीतून न उठता, नुसत्या आवाजावरून म्हणतात, "वहिनी, पाचवे गेले."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवून सुतकी चेहरा केला होता.

"मूळपुरुष लांब नाकाचे," ते सांगतात. "दुसरे जरा सुटलेले. तिसऱ्यांचे डोळे अर्धवट मिटलेले, दुपारी जेवून बसल्यासारखे. चौथे रुंद, जमिनीसरपट. ते आपल्याकडे आहेत. पाचव्यांच्या दारांना उभ्या मुठी. सहावे आखूड. आणि सातवे थेट मूळपुरुषांच्या वळणावर गेलेत हो!" शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज बारशाला आल्यासारखा होतो.

राग एकाच गोष्टीचा. "स्पोर्ट्स कार दोघांची! मूळपुरुषांच्याच घरात कुणीतरी मागे दोन सीट घुसडल्या. कुळाला बट्टा!"

गंमत अशी की बेसमेंटमध्ये उभी असलेली त्यांची चौथ्या पिढीची लाल गाडी नेमकी तसलीच, बट्टा लागलेली. मागची सीट म्हणजे देवघरातला पाट. मी गप्प बसणारी नव्हेच. "मग ही कशाला घेतलीत?"

"तेव्हा हीच मिळाली," म्हणाले आणि चहात बघत राहिले.

दर रविवारी सकाळी ते लिटिल इंडियात जिलबी आणायला जातात. निघण्याआधी आरसा नीट करतात, मान वळवून मागच्या रिकाम्या सीटला काहीतरी विचारतात आणि मगच किल्ली फिरवतात. "कुणाशी बोलता हो?" मी एकदा विचारलं. "पिढ्यांशी," म्हणाले.

मी हसले. खरं तर गाडीच्या बाबतीत मला दुसऱ्याला हसायचा अधिकार नाही. लग्नानंतर आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेनं सेकंडहँड गाडी घेतली. मी माहेरची तालेवार. आमच्याकडे मालक मागे बसत. तेव्हा पंचवीस वर्षांची ही महाराणी ऐटीत मागे जाऊन बसली. सगळ्या पुण्यात ह्यांना लोक ड्रायव्हर समजायचे. एका लग्नात तर यजमानांनी ह्यांना ड्रायव्हरांच्या पंगतीला बसवलं, आणि मी आत जिलबीवर ताव मारत होते! हे बिचारे जन्मभर माझ्याशी आरशातून बोलले. पुढे येऊन बसायची अक्कल मला आली, तेव्हा गाडी होती, हे नव्हते.

असो. सांगत होते नाडकर्ण्यांचं. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचा परवाना. संपला की पुन्हा दहा वर्षांचा घ्या, नाहीतर पाच. पण पाचवाला घेतला की नंतर वाढ नाही, गाडी भंगारात. मागच्या खेपेला, सत्तराव्या वर्षी, नाडकर्ण्यांनी स्वतःच्या तब्येतीकडे बघून विचारपूर्वक पाचचा घेतला.

"मला वाटलं, मी आधी जाईन," परवा म्हणाले. "टिकलो की हो, वहिनी! काय हा मूर्खपणा!"

गाडी सोमवारी जाणार होती. मेलबर्नला असलेल्या मुलीला, मिनूला, त्यांनी 'रविवारी येतेस का?' म्हणून विचारलं होतं. तिचं उत्तर त्यांनी मला फोनवर दाखवलं, सिंगापुरी 'लाह'च्या शेपटासकट: 'बाबा, रजा नाही मिळत. इट्स जस्ट अ कार, लाह.'

फोन खिशात ठेवून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "वहिनी, तुमची उंची किती हो?"

"चार फूट नऊ. का? स्थळ आणलंय?"

"मिनू दहाव्या वर्षी एवढीच होती." मग खाली बघून म्हणाले, "तिच्यासाठीच घेतली होती ही, मागच्या सीटची. अकराव्या वर्षी तिचं डोकं छताला लागलं. म्हणाली, 'बाबा, मी बसनं जाईन.' सीट काही मोठी होत नाही ना."

रविवारी सकाळी मी बेसमेंटमध्ये हजर. पुढची सीट दुमडून, आधी एक पाय, मग पदर, मग दुसरा पाय, अशी मी हप्त्याहप्त्यानं मागे शिरले. गुडघे हनुवटीला, अंबाडा छताला. नाडकर्णी काही हसले नाहीत. पुढे बसले. आरसा नीट केला. त्या चिंचोळ्या काचेत त्यांचे दोन डोळे दिसले, आणि एकदम मला पुण्यातल्या गाडीतले दुसरे दोन डोळे आठवले.

किल्लीला हात लावून त्यांनी मान वळवली, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "बेल्ट लावलास का गं, मिनू?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हात किल्लीवरच थांबला.

मी बेल्ट ओढून खटकन लावला.

"लावला, बाबा," म्हटलं. "चला."